पहिलाच दुवा पक्का नसेल तर

मिलिंद,

“त्याचं उत्तर हाय माह्याजवळ,” असं तू म्हणालास, आणि खिडकीतून खाली वाकून दोन चहा सांगितलेस. चहा आला. तो पिता पिता तू तुमच्या धाड गावच्या नळयोजनेवर घसरलास, नळ कसे बसले आणि पाणी कसं अजून बसलं नाही वगैरे. मग लाइन गेली. आपला इन्व्हर्टर तसाही दुपारीच मान टाकतो. तू लॅपटॉप पिशवीत घातलास, जिना उतरलास, आणि जीपमध्ये पुढची सीट मिळाली म्हणून खालून खुशीत हात हलवलास. उत्तर राहून गेलं. त्याच आठवड्यात तू गेलास.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला ते जमलेलं नाही. दुःख आहे, ते मी कोणाला मोजून दाखवणार नाही. पण रोज सकाळी खोली उघडली की आधी येतो तो वैताग. कपाटाची किल्ली खिशात ठेवून माणसानं गावाला निघून जावं, तसं केलंस तू.

हे मी तुलाच लिहितोय. पण संगीता वहिनी वाचतील, तुझे काका वाचतील, म्हणून तुला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

तुझ्या जलदान विधीला धाडला आलो होतो. वंदना झाली, भंतेजी बोलले, शाळेतले दोन गुरुजी बोलले, मग मला उभं केलं. मी सांगितलं की पुण्यात एका कंपनीत आम्ही बरोबर होतो, टाळेबंदीत घरी आलो ते परत गेलोच नाही, आणि चिखलीत बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून दोघं काम करत होतो. खाली बसलो. तुझे काका सरकून शेजारी आले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, आमचा मिलिंद कॉम्प्युटरचं नेमकं काय करे? इतकी वर्षं ते लोकांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगत आले होते, आणि आता त्यांना ते पुरेसं वाटत नव्हतं.

मी त्यांना जसं सांगितलं तसंच इथं लिहितो. कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकी सगळं त्याच्या भरवशावर चालतं. आम्ही ज्यावर काम करतो तो कर्नल कोणा एका कंपनीचा नाही, जगभरातली माणसं मिळून तो लिहितात. त्यात हजारो लहान लहान कामं आहेत. एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. बोलावताना प्रत्येक जण एक चिठ्ठी ठेवतो, की काम झालं म्हणजे इथं परत ये. या चिठ्ठ्या एकावर एक पडत जातात. मशीन मधेच अडकलं, तर त्या वरून खाली वाचायच्या. कोणी कोणाला बोलावलं याची साखळी मिळते. तिला ट्रेस म्हणतात, आणि ती बघून दोष कुठं आहे ते शोधायचं.

“मंग सोपं हाय,” काका म्हणाले. “मिलिंद त्यात काय करे?”

“साखळी खरी हाय का, ते पाहे.”

“मशीन खोटं बोलते काय?”

मी म्हणालो, खोटं नाही बोलत, जुनं वाचतं. काम संपलं तरी त्याची चिठ्ठी कोणी उचलून फेकत नाही. ढीग कुठवर आहे त्याची खूण तेवढी खाली सरकते. त्या जागेवर पुढं दुसरं काम येऊन बसतं, पण सगळी जागा वापरत नाही, आणि मधे जुनी चिठ्ठी तशीच राहते. वाचणाऱ्याला ती ताजी वाटते. मग ज्याचा काही संबंध नाही, जो केव्हाच आपलं काम उरकून गेला, त्याचं नाव साखळीत येतं.

काकांनी थोडा विचार केला. “म्हंजे मेलेल्या मानसाचं नाव मतदारयादीत राह्यते, तसं.”

इतक्या वर्षांत इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. पण म्हणून झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपण कुठं बसून हे बोलतोय. नंतर बराच वेळ आम्ही दोघंही तुझ्या फोटोच्या बाजूला बघत नव्हतो.

तुझा हट्ट कुठून सुरू झाला ते मला माहीत आहे. पुण्यातल्या त्या प्रकरणातून. गिऱ्हाइकाची मशीनं अडकत होती, आणि प्रत्येक ट्रेसमध्ये डिस्कच्या भागातल्या एकाच कामाचं नाव येत होतं. प्रत्येक ट्रेसमध्ये येतंय म्हणजे तेच दोषी, असं सगळ्यांनी धरलं. ज्यानं तो भाग लिहिला होता त्या सरळ माणसाला भर बैठकीत बोलणी खावी लागली. भाग नव्यानं लिहिला. मशीनं अडकतच राहिली. शेवटी तू दाखवून दिलंस की ती शिळी चिठ्ठी होती. ती जागा कधी पुसलीच जात नव्हती, म्हणून दर वेळी तिथंच सापडत होती. तेव्हा तू मला म्हणालास की एकच खोटा साक्षीदार शंभर वेळा आला तर त्याचे शंभर साक्षीदार होत नाहीत. मी आकड्यांचा माणूस. मला ते झोंबलं, आणि पटलंही.

तुझी ट्रेस वाचायची तऱ्हा मात्र मला कधी पटली नाही. सगळे वरून खाली वाचतात, तू खालून वर. तेही मोठ्यानं. एकेका नावावर बोट ठेवायचं आणि दरडावून विचारायचं, “तुले कोनं बोलावलं? अन् तुले?” कोणाचा जबाब जुळला नाही की तू खुर्ची मागं ढकलायचास आणि म्हणायचास, हा बिनबुलाया आहे. खालच्या दुकानात कपाशीचं बियाणं घ्यायला आलेली माणसं वर बघायची. दुकानदारानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं की वरती रोज कोणाची चौकशी चालते, काही पोलिसाची भानगड तर नाही ना. मी तुला सांगितलं तर तू दुसऱ्या दिवसापासून आणखी मोठ्यानं विचारायला लागलास.

आणि ट्रेसरचं ते प्रकरण. काकांना मी हे सांगितलं नाही, त्यांचं जेवण थंड होत होतं. इथं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलंय. नुसती साखळी पुरत नाही, कोणत्या कामाला किती वेळ लागला तेही हवं असतं. त्यासाठी ट्रेसर नावाचं साधन आहे. ते प्रत्येक कामाची ‘इथं परत ये’ ही चिठ्ठी काढून आपल्याजवळ ठेवतं, आणि तिच्या जागी स्वतःची ठेवतं, की आधी माझ्याकडं ये. काम संपून आलं की ट्रेसर वेळ टिपतो, मूळ चिठ्ठी बघतो आणि त्याला त्याच्या जागी धाडतो. आता अशा वेळी साखळी वाचायला गेलं तर सगळीकडं ट्रेसरच्याच चिठ्ठ्या दिसणार. म्हणून वाचणाऱ्यानं त्याच्याकडून मूळ चिठ्ठ्या मागून घ्यायच्या, त्याच क्रमानं. बहुतेक वेळा हे बिनचूक होतं. पण चिठ्ठी बदलायच्या ऐन घडीला एखादं तातडीचं काम येऊन धडकलं, म्हणजे एक चिठ्ठी उचलली आहे आणि दुसरी अजून ठेवायची आहे, तर क्रम एकानं घसरतो. मग ज्याच्या त्याच्या नावापुढं शेजाऱ्याचा बोलावणारा लागतो. अशी साखळी दिसायला अगदी सुरेख असते. कुठं तुटलेली नाही, कुठं शंका नाही, आणि वरपासून खालपर्यंत चूक.

ही चूक पकडायला आपण किती दिवस घालवले ते मी लिहून ठेवलेलं नाही, लाज वाटते म्हणून. ट्रेसर बंद केला की चूक नाही. चालू केला की आहे. तेव्हा तू काय शक्कल काढलीस, तर ट्रेसर कुठं घसरतो ते बघायला ट्रेसरवरच ट्रेसर लावायचा. मी म्हणालो की काटा खोटा आहे का ते बघायला आपण वजनं त्याच काट्यावर ठेवतोय. तू ऐकलं नाहीस. मग चूक दुप्पट वेळा दिसायला लागली. मी डोकं धरून बसलो, आणि तू आनंदानं टाळी वाजवलीस. “पाह्य, वाढली! म्हंजे आता लवकर सापडन.” चूक वाढली म्हणून खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि सापडली, तेही तुझ्याच त्या उफराट्या पद्धतीनं, हे मला आणखी लागलं.

तुझी दुरुस्ती चार ओळींची. मूळ चिठ्ठी आधी नीट ठेवायची, मग जागेवरची बदलायची, आणि मधल्या क्षणापुरती एक खूण लावायची, की आत्ता भरवसा धरू नका. वाचणाऱ्याला खूण दिसली की त्याला कळेल की इथून पुढचं पक्कं नाही. इथपर्यंत आपलं एकमत होतं. भांडण पुढं होतं. खूण दिसल्यावर वाचणाऱ्यानं करायचं काय?

माझं म्हणणं साधं होतं आणि अजून आहे. पुढची नावं छापावीत, प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह घालून. माहिती आहे ती फेकून का द्यायची? तुझं म्हणणं, तिथंच थांबायचं, आणि ‘यापुढं सांगता येत नाही’ एवढं स्वच्छ लिहायचं.

“मी मोजलंय,” मी म्हणालो होतो. “प्रश्नचिन्हवाल्या चारांत एक खरं निघते.”

“कोनतं एक?”

“ते वाचनाऱ्यानं ठरवावं.”

“वाचनारा ठरवत नसते बे, हिशोब्या. त्याले प्रश्नचिन्ह दिसतच नाही. त्याले नाव दिसते.”

मी उलट बाजूनं गेलो. मी विचारलं, “अन् पहिलाच दुवा पक्का नसला तं? तुह्या हिशोबानं कोरा कागद निघन. मशीन अडकलं, मानूस घाबरा झाला, अन् तू त्याच्या हातात कोरा कागद देशीन?”

तू गप्प झालास. मी खरं सांगतो, इतक्या वर्षांच्या भांडणात तू असा गप्प झालेला मला आठवत नाही. तू खुर्ची मागं ढकललीस, खिडकीपाशी गेलास. मग ते वाक्य बोललास आणि चहा सांगितलास.

आता मला सांग, ते उत्तर खरंच होतं का?

मी याचा दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. आई संभाजीनगरला दवाखान्यात होती तेव्हा मी तुला विचारलं होतं, की कंपनीचं काम तुंबलंय, आता कसं करू. तेव्हाही तू हेच म्हणालास, उत्तर आहे माझ्याजवळ, तू आईकडं बघ. ते खरं निघालं. आई घरी येईपर्यंत माझं काम तू तुझ्या कामाबरोबर करत राहिलास. चाचण्यांचे आकडे भरताना तू रकाने इकडचे तिकडे केले होतेस, ते मी नंतर गुपचूप नीट केले. तुझे आभार मानायला तोंड उघडलं तर तू म्हणालास की आता बस कर, मले झोप येऊन राह्यली. त्या दिवसांचं माझ्यावर काय आहे ते मी आजवर बोललो नाही. तू बोलू दिलं नाहीस, हा तुझा आणखी एक दोष.

दुसऱ्या बाजूला आपले पुण्याचे साहेब. टाळेबंदी उठली तेव्हा त्यांनी तुला विचारलं की बाकी सगळे परत आले, तू का येत नाहीस. तू फोनवर मोठ्या अदबीनं म्हणालास, “सर, त्याचं उत्तर आहे माझ्याकडे, सविस्तर बोलू.” ते सविस्तर बोलणं अजून व्हायचं आहे. साहेबांनी विचारायचंही सोडून दिलं.

म्हणजे एकदा होतं, एकदा नव्हतं. यावरून काही निघत नाही. मी आकडे जुळवणारा माणूस आहे, पण दोन नोंदींवरून मला कोणी निष्कर्ष काढायला लावला तर मी काढणार नाही.

तुझी चार ओळींची दुरुस्ती आपल्या सामाईक जागेत पडून होती. तिच्याखाली तुझं नाव नव्हतं. हेही इथं सांगायला हवं, की त्या कर्नलची एक रीत आहे. जो जे लिहितो त्यानं खाली स्वतःच्या नावाची ओळ घालायची, एक प्रकारची सही. दुसऱ्याची सही कोणी करायची नाही. सहीशिवाय आलेलं कोणी घेत नाही. मी तुला कितीदा म्हणालो होतो की घाल नाव आणि मोकळा हो. ती सही एवढंच सांगते की हे मी लिहिलंय, कुठून चोरलेलं नाही. तुझं उलटं. सही म्हणजे हमी. सगळं पटल्याशिवाय मी नाव घालणार नाही. नियम काढून दाखवला तरी तू मान हलवत राहिलास. “नियम काय म्हंते ते तुह्यासाठी. मी सही केली म्हंजे मले पटलं.”

तर तू सही न करता गेलास. चार ओळी तुझ्या, आणि त्या तुझ्या नावानं पाठवता येत नाहीत.

साहेब म्हणाले, घालून टाका त्यांचं नाव, कोण बघायला येतंय. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं. मी नाही म्हणालो. कंपनीचा लॅपटॉप परत न्यायला मी धाडला आलो तेव्हा वहिनींनीही तेच विचारलं. त्यांनी लॅपटॉप पुसून, वायर गुंडाळून, तुझ्या जुन्या शर्टात बांधून ठेवला होता. तू त्यांना सांगितलं होतंस म्हणे, की हे एक काम पुरं झालं की साऱ्या जगाच्या कॉम्प्युटरमध्ये माझं नाव राहील, कोणाला दिसणार नाही पण राहील.

“त्याईचं नाव येईन ना, भाऊजी?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. म्हणून तर गाडी निघाल्यावर चिखलीपर्यंत तुला मनातल्या मनात शिव्या देत आलो. सही एका ओळीची असते मिलिंद. जीप पकडायच्या आधी झाली असती.

मग मी माझ्या अकलेनं एक मार्ग काढला. सगळं नव्यानं स्वतः लिहिलं, माझ्या सहीनं, माझ्या पद्धतीनं, म्हणजे प्रश्नचिन्ह घालून नावं छापायची. खाली रीतीप्रमाणे ‘सुचवणारा’ म्हणून तुझं नाव घातलं. पण नुसतं तेवढं घालणं मला बरोबर वाटेना, कारण हे तू असं सुचवलंच नव्हतंस. म्हणून वर्णनात लिहिलं, की ज्यानं ही चूक शोधली त्याला प्रश्नचिन्हांची ही पद्धत मान्य नव्हती, आणि का नव्हती तेही. तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा बऱ्या भाषेत मांडली. ते सगळं त्या भागाच्या मेंटेनरला पाठवलं. मेंटेनर म्हणजे त्या भागाची राखण करणारा, तो हो म्हणाला तरच ते आत जातं. तो कुठल्या देशात बसतो ते मला नीटसं माहीत नाही. त्याची उत्तरं आपल्या पहाटे येतात एवढं माहीत आहे.

त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. लिहिलं होतं की आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं मला बरोबर वाटतं. त्यांनाच त्यांच्या पद्धतीनं लिहून पाठवायला सांगा.

मी लॅपटॉप मिटला आणि खाली जाऊन दुकानात बसलो. दुकानदारानं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, मिलिंद जिंकला. त्यानं पंखा माझ्याकडं वळवला.

तुला हरवायची मला फार हौस होती असं नाही. पण निदान तू समोर असताना जिंकायला हवं होतंस. मी चिडलो असतो, चार दिवस अबोला धरला असता, मग ‘बरं बाबा, तुझं खरं’ असं तोंड वाकडं करून म्हणालो असतो. ते म्हणायची वेळ आली तर ऐकायला कोणी नाही. ही कुठली रीत झाली?

मेंटेनरला कळवलं की ते आता हयात नाहीत. त्याचं सभ्य उत्तर आलं. वाईट वाटलं, असं लिहिलं होतं, आणि ते वाचून त्याला खरंच वाटलं असावं असं मला वाटलं. मग लिहिलं की तुम्हीच त्यांच्या पद्धतीनं लिहा, सही तुमची करा, कल्पना त्यांची म्हणून त्यांचं नाव ठळक घाला, मी घेतो. फक्त एक शंका आहे. पहिलाच दुवा पक्का नसेल तर ट्रेस कोरा निघेल. याचा त्यांनी काय विचार केला होता?

जगाच्या कुठल्या तरी टोकाला बसलेल्या माणसानं नेमका तोच प्रश्न विचारला, जो मी तुला खोलीत विचारला होता. मला क्षणभर बरं वाटलं, की चला, माझा प्रश्न अगदीच गावठी नव्हता. मग पुढचं ध्यानात आलं. आता याला उत्तर द्यायचं आहे, आणि दिलं नाही तर तुझं काम तिथंच लटकणार.

चार ओळी तुझ्या पद्धतीनं लिहायला मला एक सकाळ लागली. उत्तरासाठी मात्र मी रोज बसतोय. काय काय असू शकतं ते सगळं काढलं. कोऱ्या कागदावर निदान वेळ आणि कोणत्या प्रोसेसरवर घडलं ते छापता येईल, असं तू म्हणाला असशील. किंवा थोडं थांबून पुन्हा वाचावं, खूण तेवढ्यात निघून गेली असेल, असं. किंवा कोरा कागद हीच माहिती आहे, की अडकताना मशीन ऐन चिठ्ठी बदलण्याच्या क्षणात होतं, आणि तेवढ्यावरून शोधायची जागा किती लहान होते बघ. हे तिसरं मला सगळ्यांत आवडलं. ते अगदी तुझ्यासारखं आहे. तुझ्या आवाजात, तुझ्या शिवीसकट मला ते ऐकू येतं. मी ते सुरेख इंग्रजीत लिहूनही काढलं, ‘त्यांचं मत असं होतं की’ अशी सुरुवात करून.

लिहून झाल्यावर वाचलं. कुठं तुटलेलं नाही, कुठं शंका नाही.

पुसून टाकलं.

परवा वहिनींचा फोन आला, नावाचं काय झालं म्हणून. मी सांगितलं की एका प्रश्नाशी अडलंय, त्याचं उत्तर फक्त मिलिंदजवळ होतं.

“मंग तुम्ही लिहून द्या ना,” त्या म्हणाल्या. “तुमच्याइतकं त्याईले कोन ओयखे? ते काय म्हनले असते, तुम्हाले माहीत असन.”

“काय म्हनला असता ते माहीत हाय, वहिनी. काय म्हनला ते माहीत नाही.”

फोनमध्ये मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाल्या की मलाही ते बरंच काही सांगतो सांगतो म्हणत होते. घराच्या मागच्या भिंतीचं काय करायचं ते ठरवलंय, सांगतो, असं म्हणाले होते. ती भिंत तशीच आहे. गवंडी रोज विचारायला येतो, आणि त्यांच्या मनात काय होतं ते जो तो आपापल्या परीनं सांगतो, दीर एक सांगतात, भाऊ एक सांगतो. “मले कोनाचंच खरं वाटत नाही,” त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, तुम्हाला बरोबर वाटेल ते करा, पण फार दिवस लावू नका.

आज सकाळी उत्तर पाठवलं. तुझ्या पद्धतीच्या चार ओळी, खाली माझी सही. मला ही पद्धत अजून पुरती पटलेली नाही, पण लिहिली मी आहे, आणि सही एवढंच सांगते. यावरून तुला भांडायचं असेल तर भांड. सुचवणारा म्हणून तुझं नाव, गाव लावायची रीत नाही म्हणून नुसतंच नाव. वर्णनाच्या शेवटी, मेंटेनरच्या शंकेच्या उत्तरादाखल, दोन वाक्यं लिहिली. पहिलाच दुवा पक्का नसेल तर काय करावं, याचं उत्तर आपल्याजवळ आहे असं मिलिंद म्हणाले होते. ते काय होतं, हे मला माहीत नाही.

त्याच्या खाली तिसरं वाक्य लिहायचा फार मोह झाला. हात कीबोर्डवर तसेच ठेवून बराच वेळ बसलो. लिहिलं नाही.